आकाशातून उतरलेली मोटार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वी दसऱ्याला मी कोल्हापुरात होतो. माझे मामा तिथल्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या घरात, पण सीमोल्लंघन चुकवायचं नाही हा नेम. दुपारपासूनच आम्ही दसरा चौकात जागा धरून उभे होतो. सूर्य कलला, अंबाबाईची पालखी आली, आणि मग गर्दीतून एकदम आवाज उठला, ‘मेबॅक आली, मेबॅक आली!’

कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची ही जुनी जर्मन मोटार दसऱ्याच्या सोहळ्याला बाहेर पडते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. कोल्हापुरात तिला कुणी मोटार म्हणत नाही, गाडी म्हणत नाही. एखाद्या हत्तीला किंवा घोड्याला नावानं ओळखावं तशी ती फक्त ‘मेबॅक’. लोक माना उंचावून बघत होते, बापांनी पोरं खांद्यावर घेतली होती. मामांनी माझा हात दाबला आणि कानाशी येऊन म्हणाले, ‘‘डोळ्यांनी समदीच बघत्यात. तू कानानं बघ. इमानाचं इंजिन हाय त्यात.’’

त्या हलगी-तुतारीच्या गजरात मला इंजिनाचा आवाज काही ऐकू आला नाही. पण मामांचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. मी स्वतः तंत्रनिकेतनात इंजिनं शिकवण्यात उमेद घालवलेला माणूस. मोटारीत विमानाचं इंजिन? हे खरं असेल का? घरी परतल्यावर मी पुस्तकं काढून बसलो, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगणार आहे. ती गोष्ट जर्मनीतली आहे, दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांतली. पण तिची सुरुवात थोडी आधी होते.

आपण ‘मेबॅक’ म्हणतो त्या नावाचा जर्मन उच्चार ‘मायबाख’ असा आहे. हे एका माणसाचं आडनाव. विल्हेल्म मायबाख. जन्म १८४६ सालचा, हाइलब्रॉन गावचा. दहा वर्षांचा असताना आई आणि वडील दोघंही गेले. रॉयटलिंगेन नावाच्या गावी एका धर्मोपदेशकानं अनाथ मुलांसाठी संस्था चालवली होती, तिथं हा मुलगा वाढला. संस्थेला जोडून कारखाना होता, तिथं तो आराखडे काढायला शिकला. याच कारखान्यावर पुढे व्यवस्थापक म्हणून एक इंजिनिअर आला, गॉटलिब डाइमलर. त्यानं या पोराची बोटं ओळखली. तिथपासून डाइमलर १९०० साली वारला तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षं, ही दोघं बरोबर होती.

स्टुटगार्टजवळ कानश्टाट इथं डाइमलरच्या बंगल्याच्या बागेत एक काचघर होतं. त्यात दारं लावून या दोघांनी १८८०च्या दशकात लहान, हलकं, भरभर फिरणारं पेट्रोल इंजिन तयार केलं. ठोकाठोकीचे आवाज ऐकून, इथं खोटी नाणी पाडतात की काय, असा संशय येऊन पोलिसांनी तपास केला होता, असं सांगतात. पुढे पेट्रोल फवाऱ्यासारखं उडवून हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर, आणि १९०१ साली गाजलेली पहिली ‘मर्सिडीज’ ही सगळी मायबाखच्याच डोक्यातून आलेली. फ्रान्समध्ये त्याला यंत्ररचनाकारांचा राजा म्हणत.

पण डाइमलर गेल्यावर त्या कंपनीत या राजाचं आसन डळमळलं. कारभाऱ्यांशी पटेना. १९०७ साली, साठी ओलांडल्यावर, मायबाख बाहेर पडला. ज्या कंपनीची कीर्ती त्यानं उभी केली तिच्यात त्याला जागा उरली नव्हती. आपल्याकडेही असे प्रसंग घडतात. माणूस घरी येतो, खुंटीला कोट अडकवतो आणि उद्या कुठं जायचं याचा विचार करत बसतो.

मायबाखच्या बाबतीत उत्तर आकाशातून आलं. ५ ऑगस्ट १९०८ या दिवशी काउंट झेपेलिन यांचं अजस्र हवाई जहाज इंजिनात बिघाड झाला म्हणून एश्टरडिंगेन गावाजवळ शेतात उतरलं होतं. तेवढ्यात वादळ आलं, जहाज दोरांसकट उपटलं गेलं आणि पेटून खाक झालं. झेपेलिन सत्तरीचे. सगळे समजले, संपलं. पण जर्मनीतल्या सर्वसामान्य माणसांनी वर्गणी काढली आणि साठ लाखांहून अधिक मार्क गोळा झाले. दुर्घटनेनंतर विल्हेल्म मायबाखनं झेपेलिनना पत्र लिहिलं. तुमच्या जहाजाला जास्त भरवशाचं इंजिन पाहिजे, ते माझा मुलगा तयार करू शकतो, असा त्याचा आशय.

हा मुलगा म्हणजे कार्ल मायबाख. जन्म १८७९. वडिलांसारखाच अबोल, वडिलांसारखाच हट्टी. १९०९ साली हवाई जहाजांच्या इंजिनांची कंपनी निघाली. सल्लागार बाप, मुख्य इंजिनिअर मुलगा आणि बहुतांश मालकी झेपेलिन यांच्या संस्थेची. लवकरच तिनं बस्तान हलवलं ते फ्रीडरिक्सहाफेनला. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठचं हे गाव, पलीकडच्या तीरावर स्वित्झर्लंडचे डोंगर दिसतात. झेपेलिन जहाजं याच गावात बांधली जात.

आता हवाई जहाजाच्या इंजिनाची गोम काय असते, ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढची मोटार समजायला त्याची गरज आहे. रस्त्यावर मोटार बंद पडली तर उतरून बोनेट उघडता येतं. आकाशात ते जमत नाही. हे इंजिन दिवस-रात्र एका लयीत चाललं पाहिजे, आणि चुकून बिघडलंच तर उडत्या जहाजातच मिस्त्रीला दुरुस्त करता आलं पाहिजे. शिवाय उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाचा दम लागतो. कार्लनं पहिल्या महायुद्धात यावर तोडगा काढला. त्यानं इंजिन मुद्दामच गरजेपेक्षा मोठं आणि जास्त दाबाचं केलं. जमिनीजवळ ते पूर्ण उघडायचंच नाही; वर, विरळ हवेत गेल्यावर पुरतं उघडायचं. ताकद राखून ठेवायची आणि पाहिजे तिथं वापरायची, हा त्याचा मंत्र.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही इंजिनं युद्धात वापरली गेली. १९१५पासून झेपेलिन जहाजांनी लंडनवर बाँब टाकले, घरात झोपलेली माणसं मेली. ती जहाजं मायबाखच्या इंजिनांवर चालत होती. या गोष्टीत युद्ध असं दोनदा येतं.

१९१८ साली जर्मनी हरला. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला आणि त्यात जर्मनांनी विमानं आणि विमानांची इंजिनं बनवू नयेत, अशी मनाई आली. विचार करा, श्रोतेहो. एका गावात एक कारखाना आहे. आकाशात चालणारी इंजिनं करण्यात त्याचा हातखंडा. एक दिवस कागद येतो, की तुम्हाला जे येतं तेच करायचं नाही. कारागीर तेच, यंत्रं तीच, हात तेच. आता करायचं काय?

कार्लनं ठरवलं, आपण मोटारीची इंजिनं करू आणि इतर कंपन्यांना विकू. ५.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन तयार झालं. ते तपासायला त्यानं एका मर्सिडीजच्या चासीवर बसवून रस्त्यावर फिरवलं. जर्मन कंपन्यांनी पाठ फिरवली. हॉलंडमधल्या स्पायकर या कंपनीनं मात्र मागणी नोंदवली. पण लवकरच स्पायकरच आर्थिक गाळात रुतली आणि तयार इंजिनं फ्रीडरिक्सहाफेनच्या गोदामात अडकून पडली.

आपल्याकडचा एखादा कारखानदार अशा वेळी काय म्हणेल? ‘माल पडून आहे, तर आपणच गाडी काढू.’ कार्ल मायबाखनं नेमकं तेच केलं. सप्टेंबर १९२१मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात ‘डब्ल्यू-३’ नावाची गाडी मांडली गेली. गाडीच्या नाकावर दोन ‘एम’ एकमेकांत गुंफलेले, म्हणजे मायबाख-मोटोरेनबाऊ, मायबाख यांचा इंजिन कारखाना. एका मनाईमधून आणि एका बुडालेल्या गिऱ्हाइकामधून जर्मनीची सगळ्यांत भारदस्त मोटार जन्माला आली ती अशी.

त्या गाडीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या होत्या. एक म्हणजे चारही चाकांना ब्रेक. आज हे वाचून हसू येईल, पण तेव्हाच्या बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत. चारही चाकांना ब्रेक असलेली ही पहिली जर्मन गाडी. दुसरी गोष्ट, गिअर बदलायचा दांडाच नव्हता. तेव्हा गिअर बदलणं म्हणजे कसरत. नवशिक्यानं दांडा ओढला की पेटीतून दात विचकल्यासारखा कर्रकन आवाज यायचा. इथं इंजिनच इतकं ताकदवान, की माणसाच्या चालीच्या वेगापासून ते पूर्ण वेगापर्यंत एकाच गिअरात काम भागे. चढ लागला तर पायापाशी एक पेडल होतं, ते दाबायचं. हवाई जहाजाचाच मंत्र, ताकद राखून ठेवायची आणि लागेल तिथं वापरायची.

पण काळ कसला होता? १९२३ साली जर्मनीत महागाईनं कहर केला. नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकी डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत. लोक पगार घेऊन धावत सुटत, कारण संध्याकाळपर्यंत त्या पैशाची किंमत उतरलेली असे. अशा देशात ही गाडी विकायची होती! १९२८पर्यंतच्या सात वर्षांत तिच्या जेमतेम तीनशे गाड्या झाल्या.

एवढ्यात आकाशाचे दरवाजे पुन्हा किलकिले झाले. युद्धाची भरपाई म्हणून अमेरिकेला एक हवाई जहाज द्यायचं ठरलं. ऑक्टोबर १९२४मध्ये ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेला पोहोचलं. त्यावर मायबाखची पाच इंजिनं होती. मग १९२८ साली आलं ‘ग्राफ झेपेलिन’. ऑगस्ट १९२९मध्ये त्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. अमेरिकेतल्या लेकहर्स्टहून निघून, जर्मनी, सायबेरिया, टोकियो करत ते पुन्हा लेकहर्स्टला आलं, तेही सुमारे एकवीस दिवसांत. त्याच्या पोटाखाली मायबाखची पाच इंजिनं होती, प्रत्येकी बारा सिलिंडरची आणि साडेपाचशे अश्वशक्तीची. जगभरच्या वर्तमानपत्रांत तेच नाव.

याच १९२९ साली कार्लनं बारा सिलिंडरची मोटार बाजारात आणली, आणि लवकरच तिला नाव दिलं ‘झेपेलिन’. म्हणजे माझ्या मामांचं म्हणणं कुठून आलं, याचा धागा मला इथं सापडला. मोटारीतलं इंजिन काही जहाजावरून उतरवलेलं नव्हतं. जहाजाचं इंजिन तेहतीस लिटरचं, ते मोटारीत मावणारच नाही. मोटारीचं इंजिन सात लिटरचं, पुढे आठ लिटरचं आणि दोनशे अश्वशक्तीचं झालं. पण सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या बसवण्याची घडण तीच. धातू ओळखणारे लोक तेच, मोजमापाची शिस्त तीच. २९ डिसेंबर १९२९ रोजी म्हातारे विल्हेल्म मायबाख वारले. अनाथालयात वाढलेल्या त्या पोराचं आडनाव तेव्हा आकाशातही होतं आणि रस्त्यावरही.

आता ही ‘झेपेलिन’ गाडी कशी होती? कारखाना स्वतः फक्त चासी करायचा. म्हणजे सांगाडा, इंजिन, चाकं आणि पुढची जाळी. बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीनं बांधून घ्यायची. बहुतेक चासी जवळच्याच राफेन्सबुर्ग गावी हर्मान श्पोन यांच्या कारखान्यात जात. तिथले सुतार लाकडी चौकट उभारत, तिच्यावर पत्रा ठोकून बसवला जाई, मग रंगाचे थरावर थर. आत कातडी बैठका, चालक आणि मालक यांच्यामध्ये वर-खाली सरकणारी काच, बोलायला नळी. दोन गाड्या एकमेकींसारख्या निघणं विरळाच. लग्नाचा शालू जसा विणकराकडे बसून ठरवावा, तसा हा मामला.

गाडीचं वजन सुमारे तीन टन. काही मोठ्या बॉडीच्या गाड्या चालवायला जर्मनीत ट्रकचा परवाना लागे. पेट्रोल लिटरला चारेक किलोमीटर. गिअरची सोय पुढे आणखी सुधारली. स्टिअरिंगच्या मध्यावर दोन छोट्या दांड्या. पाहिजे तो गिअर आधीच दांडीनं ठरवून ठेवायचा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, की इंजिनाच्या ओढीनं तयार होणाऱ्या पोकळीच्या जोरावर गिअर आपोआप पडायचा. क्लच दाबायची गरज नाही. आज आपण ऑटोमॅटिक गाड्यांचं कौतुक करतो. त्या वाटेवरची ही मोठी पायरी होती.

आणि किंमत? नुसती चासी साडेएकोणतीस हजार मार्क. बॉडी धरून गाडी सहजच पस्तीस हजारांच्या पुढे. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. १९३२ साली जर्मनीत नोकरदार माणसाची सरासरी वर्षाची मिळकत सतराशे मार्कांच्याही आत होती. म्हणजे वीस वर्षं न खाता-पिता राबला तरी गाडी त्याच्या हाती येणार नव्हती. आणि निदान त्याला नोकरी तरी होती. त्या वर्षी साठ लाख लोक बेकार होते. कारखान्यांच्या दारात माणसं रांगेत उभी असताना रस्त्यावरून ही बारा सिलिंडरची गाडी आवाज न करता निघून जात असेल, तेव्हा बघणाऱ्याला काय वाटत असेल? कौतुक वाटलं असेल, रागही आला असेल. माणूस दोन्ही एकाच वेळी वाटून घेऊ शकतो.

गिऱ्हाइकं उद्योगपतींत होती आणि राजेरजवाड्यांत होती. आपल्या हिंदुस्थानातल्या संस्थानिकांपर्यंतही ही गाडी पोहोचली. पतियाळाच्या महाराजांना १९३०च्या दशकात हिटलरकडून अशी गाडी भेट मिळाली, असं त्या घराण्यात सांगितलं जातं. कोल्हापूरची मेबॅकही त्याच दशकातली, राजाराम महाराजांच्या काळातली.

पण श्रोतेहो, राजेरजवाड्यांवर कारखाना चालत नाही. १९२१पासून १९४१पर्यंतच्या वीस वर्षांत मायबाखच्या सगळ्या मिळून अठराशेच्या आसपास मोटारी झाल्या. म्हणजे आठवड्याला दोनसुद्धा नाहीत. मोटार हा कंपनीच्या कपाळावरचा टिळा होता, पोटाची भाकरी दुसरीकडून येई. आणि ती भाकरी कुठून आली, हा या गोष्टीचा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

एक भाकरी रेल्वेची होती, आणि ती स्वच्छ होती. कार्लनं डिझेल इंजिनं रेल्वेच्या डब्यांसाठी तयार केली. मे १९३३पासून बर्लिन ते हॅम्बुर्ग एक दोन डब्यांची गाडी धावू लागली. लोकांनी तिचं नाव ‘उडता हॅम्बुर्गकर’ ठेवलं. मायबाखची दोन डिझेल इंजिनं, ताशी १६० किलोमीटर वेग, आणि सुमारे २८६ किलोमीटरचं अंतर दोन तास अठरा मिनिटांत. पस्तीस हजारांची मोटार ज्याला दिसणंही कठीण, त्याला तिकीट काढून मायबाखच्या इंजिनावर बसता येत होतं. मला विचाराल तर कार्ल मायबाखचं त्या दशकातलं सगळ्यांत मोठं काम हेच.

दुसरी भाकरी मात्र लष्कराची होती. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनी पुन्हा शस्त्रं करू लागला. मायबाखनं १९३५ साली आणि पुढच्या वर्षी थोड्या लहान मोटारी काढल्या, सहा सिलिंडरच्या. आधी साडेतीन लिटर, मग ३.८ लिटर. हे तीन दशांश लिटर का वाढले, ठाऊक आहे? पेट्रोलचा दर्जा घसरला होता. तितक्याच १४० अश्वशक्ती काढायच्या तर इंजिन मोठं करणं भाग पडलं. देश युद्धाच्या तयारीला लागला, की त्याची चव पहिल्यांदा अशी पेट्रोलच्या टाकीत लागते.

ही ३.८ लिटरची गाडी मायबाखची सर्वाधिक खपलेली. आणि त्याच सुमारास त्याच मापाचं, सहा सिलिंडरचं मायबाख इंजिन एका हलक्या रणगाड्यातही बसवलं जात होतं. एका बाजूला कातडी बैठका आणि फुलदाण्या असलेली मोटार, दुसऱ्या बाजूला रणगाडा, आणि इंजिनं एकमेकांची भाऊबंद. पुढे जवळजवळ सगळ्या जर्मन रणगाड्यांना मायबाखची इंजिनं लागली. टायगर आणि पँथर या प्रसिद्ध रणगाड्यांत तेवीस लिटरचं, सातशे अश्वशक्तीचं मायबाख इंजिन होतं. १९४१ साली मोटारी बंद झाल्या. कारखान्यात आता परदेशांतून धरून आणलेले लोकही सक्तीनं राबत होते. गावात डाखाऊ छळछावणीची उपछावणी होती. सरोवराकाठच्या त्या सुंदर गावावर एप्रिल १९४४मध्ये ब्रिटिश विमानांनी बाँबवर्षाव केला. रणगाड्यांची इंजिनं थांबवणं हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. पहिल्या युद्धात ज्यांच्या इंजिनांनी लंडनवर बाँब नेले, त्यांच्याच गावावर दुसऱ्या युद्धात बाँब पडले. जळालं ते मात्र साध्या माणसांचं गाव.

युद्धानंतर तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात गेला. कार्ल मायबाख काही वर्षं आपल्या इंजिनिअरांसह फ्रान्समध्ये काम करत होते. कारखाना पुन्हा उभा राहिला तो रेल्वेच्या आणि जहाजांच्या डिझेल इंजिनांवर. मोटार पुन्हा निघाली नाही. ६ फेब्रुवारी १९६० रोजी कार्ल वारले, आणि त्याच वर्षी कंपनीचा ताबा डाइमलर-बेंझकडे गेला. ज्या घरातून बाप १९०७ साली बाहेर पडला होता, त्याच घरात नाव परत आलं, पण ते पाहायला बाप नव्हता आणि मुलगाही नव्हता. २००२ साली डाइमलरनं मायबाख नावाची मोटार पुन्हा काढली. दहा वर्षांत ती बंद झाली. २०१४पासून मर्सिडीजच्या सर्वांत महाग गाड्यांवर हे नाव लावलं जातं. आणि मूळ इंजिन कारखान्याची वारस असलेली फ्रीडरिक्सहाफेनची एमटीयू ही संस्था कुणाकडे गेली, माहीत आहे? विमानांची इंजिनं करणाऱ्या रोल्स-रॉइसकडे! आपल्या सैन्याच्या अर्जुन रणगाड्यातलं इंजिन याच एमटीयूचं आहे.

जुन्या अठराशे मोटारींपैकी आज जगात दीडशेच्या आसपास उरल्या आहेत. बहुतेक संग्रहालयांत, दोरीच्या पलीकडे. कोल्हापूरची मेबॅक सणाच्या दिवशी माणसांतून फिरते.

हे सगळं गोळा करून मी पुढच्या खेपेला मामांकडे गेलो. म्हटलं, ‘‘मामा, त्यात विमानाचं इंजिन नाही. ज्यांना विमानाची इंजिनं करायला बंदी झाली, त्यांनी केलेली गाडी आहे ती.’’

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे आमच्यावानीच की. शेतावर वीज आली, ऑइल इंजिनं खपंनात, तवा आमी पंपाची कास्टिंगं काढली. हाताला काम पायजे.’’

मी त्यांना पुढचं सांगितलं. रणगाड्यांचं, छावणीचं, बाँबचं. म्हटलं, तेही हाताला काम पाहिजे म्हणूनच झालं असेल का? तर मामा म्हणाले, ‘‘न्हाई. आमी खंडेनवमीला लेथला हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. त्यातनं काय काढायचं ते लेथला ठावं नसतंय. पर चालवणाऱ्याला ठावं असतंय.’’

मी आयुष्यभर इंजिनं शिकवली. सिलिंडर किती, लिटर किती, अश्वशक्ती किती, हे फळ्यावर लिहिलं. मामांनी सांगितलं ते कधी लिहिलं नाही. आता वाटतं, लिहायला हवं होतं.

पुढच्या दसऱ्याला कोल्हापूरला असाल, तर चौकात जरूर जा. मेबॅक येईल, लोक ओरडतील. तुम्हीही बघा. गाडी सुंदर आहे यात शंकाच नाही. आणि जमलं तर क्षणभर कानानंही बघा.